हातच्या कांकणाला आरसा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंदा एक व्याख्यान तुमचं. विषय कोणताही घ्या, फक्त मधुमेह नको. मागे एकदा मधुमेहावर व्याख्यान ठेवलं आणि त्या दिवशी निम्मे मोदक उरले!" तेव्हा आज मधुमेहाचे नाव काढणार नाही. मोदकांचे मात्र काढणार आहे, कारण माझ्या विषयाची सुरुवातच तिथून होते.

काल सकाळी मागच्या हॉलमध्ये महिला मंडळाचे उकडीचे मोदक चालले होते. मी चहाच्या निमित्ताने तिथे रेंगाळलो. एक आजी एका कॉलेजमधल्या मुलीला मोदक वळायला शिकवत होत्या. पारी फाटली. आजी म्हणाल्या, "अगं, हात हलका ठेव." मुलीने विचारले, "हलका म्हणजे किती, आजी?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते हाताला कळतं."

मित्रहो, मी तीस वर्षांहून अधिक काळ या हैदराबाद शहरात शल्यविद्या शिकवली. विद्यार्थी मला हाच प्रश्न विचारत आणि मीही आजींचेच उत्तर देत असे. फरक इतकाच की आजींची पारी फाटली तर पुन्हा उकड मळता येते. आमच्याकडे फाटले तर ते माणसाचे आतडे असते.

'हलका म्हणजे किती' या प्रश्नाला आता आकड्यात उत्तर देता येते. शिकाऊ सर्जनच्या हाताला सेन्सर लावून तो हात कसा चालतो, किती फिरतो, किती दाबतो, किती ओढतो हे मोजता येते. त्याविषयी आज बोलायचे आहे. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

'हात आहे' आणि 'हात नाही'

आम्ही शिकलो ती पद्धत आधी सांगतो. एक शस्त्रक्रिया पाहा, एक करा, एक शिकवा, हे सूत्र जगभर रूढ होते. अमेरिकेत १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी वरिष्ठांच्या हाताखाली पायरीपायरीने जबाबदारी देण्याची जी निवासी पद्धत घालून दिली, तिच्याच वळणावर आमचेही शिक्षण झाले. ती पद्धत वाईट नव्हती. पण तिच्यात पाटी म्हणून रुग्णाचे शरीर वापरले जायचे, आणि परीक्षक एकच असायचा, तो म्हणजे युनिटचा प्रमुख.

प्रमुखांचा निकाल दोन शब्दांचा असे. एखाद्याबद्दल म्हणत, "याला हात आहे." दुसऱ्याबद्दल, "याला हात नाही." संपले! पुढच्या आयुष्याचा निकाल लागला. कोणी कारण विचारण्याची प्राज्ञा नव्हती. माझ्या एका सरांना कोणी धीटपणे विचारलेच तर ते म्हणत, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणजे जे उघड दिसते त्याला पुरावा कसला मागता?

आता सराव रुग्णावर न करता आधी दुसऱ्या कशावर तरी करावा, हा विचार मुळीच नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा नववा अध्याय आहे. 'योग्या' म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर करावा. भेदण्याचा सराव पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. खरवडण्याचा सराव केस असलेल्या ताणलेल्या चामड्यावर करावा. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर करावा. टाके जाड कापडावर आणि मऊ चामड्याच्या कडांवर घालावेत. पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या पुतळ्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे. शास्त्र कितीही वाचले तरी हाताचा सराव नसेल तर तो वैद्य कर्माला योग्य होत नाही, हा त्या अध्यायाचा सारांश.

आपल्या पूर्वजांकडे सेन्सर होते असे मी म्हणणार नाही, आणि कोणी तसे म्हटले तर विश्वास ठेवू नका. पण सरावासाठी वेगवेगळी साधने असावीत, प्रत्येक कौशल्याला वेगळे साधन असावे, हा विचार होता, आणि तो अभिमान वाटावा असाच आहे. राहिले ते एवढेच की सराव पुरेसा झाला की नाही हे ठरवणार गुरूचा डोळा. तो डोळा पुढे शतकानुशतके बदलला नाही.

गुरूच विद्यार्थी झाले तेव्हा

बदल घडला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. फ्रान्समधील लियाँ येथे १९८७ साली फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. भारतात १९९० साली मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल.

त्या काळात आम्हा मध्यमवयीन सर्जनांची जी त्रेधा उडाली ती काय सांगू! पोट उघडलेले नाही. आपण रुग्णाकडे पाहत नसून टीव्हीकडे पाहतो आहोत. चित्र सपाट, खोली कळत नाही. लांब दांड्याचे हत्यार पोटाच्या भोकातून आत गेलेले, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. आणि बोटांना जो स्पर्श कळायचा तो दांड्यातून फारच थोडा कळतो. वीस वर्षे पित्ताशय काढणारे सर्जन पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखे चाचपडू लागले. सुरुवातीच्या त्या काही वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले होते, ही नोंद झालेली गोष्ट आहे.

तेव्हा जगभरच्या शल्यविशारदांना उमगले की नुसते अनुभवाच्या वर्षांवर विसंबून चालणार नाही. सराव आधी खोक्यावर, मग माणसावर. आणि खोक्यावरचा सराव पुरेसा झाला हे कशावरून, याचेही काही माप हवे.

पहिले माप कागदाचे होते. कॅनडात टोरांटो विद्यापीठातील रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'ओसॅट्स' नावाची परीक्षा मांडली. विद्यार्थी एकेका टेबलावर जातो, ठरलेले काम करतो, परीक्षक ठरलेल्या मुद्द्यांवर पाचपैकी गुण देतो. त्यातील पहिला मुद्दा मला फार आवडतो: ऊतींचा आदर. सर्जन ज्याला हात लावतो त्या जिवंत मांसाला तो आदराने वागवतो की नाही! या पद्धतीने परीक्षकाच्या लहरीला लगाम बसला. पण टेबलाशी अनुभवी परीक्षक उभा करावा लागतोच, आणि आपल्याकडे अनुभवी माणसाला वेळ कुठे असतो?

हाताचा नकाशा

याच सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आरा दार्झी यांच्या गटाने वेगळा मार्ग काढला. त्यांनी सर्जनच्या दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला एकेक छोटा सेन्सर चिकटवला. जवळच एक पेटी सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रात हात कुठे आहे हे सेन्सर सेकंदाला अनेक वेळा संगणकाला कळवतो. काम संपले की संगणक तीन गोष्टी सांगतो: वेळ किती लागला, हात एकूण किती अंतर फिरला आणि किती वेगवेगळ्या हालचाली झाल्या.

यातून जे दिसले ते आपल्या घरातही दिसते. नवशिका स्वयंपाकी मिठाचा डबा शोधतो, झाकण उघडतो, चमचा विसरतो, परत फिरतो. मुरलेली गृहिणी धावपळ करताना दिसत नाही, तरी तिचा स्वयंपाक आधी होतो. सर्जनचेही तसेच. तरबेज सर्जनचा हात सपासप चालतो असे सिनेमात दाखवतात, ते खरे नाही. त्याचा हात *कमी* चालतो. सुई एकदा धरली की योग्य ठिकाणी, योग्य कोनात धरलेली असते. नवशिका तीच सुई चार वेळा धरतो आणि सोडतो. कागदावर हातांच्या वाटा काढल्या की नवशिक्याचे चित्र मांजराने खेळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखे दिसते, आणि तरबेज माणसाचे एखाद्या सुबक रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

ही झाली वाट. दुसरे माप जोराचे. हॉलंडमधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी सरावाच्या खोक्याच्या तळाशी जोर मोजणारी पट्टी बसवली. विद्यार्थी टाका ओढतो तेव्हा तो किती जोराने आणि कुठल्या दिशेला ओढतो ते तिथल्या तिथे पडद्यावर दिसते. जोर न्यूटनमध्ये मोजतात. साधारण शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवले तर जो भार जाणवतो, तो सुमारे एक न्यूटन.

आता एक गंमत पाहा. हलका हात म्हणजे नेहमीच चांगला हात, असेही नाही! अमेरिकेतील सर्जन डॉ. कार्ला प्यू यांनी स्तनतपासणीच्या कृत्रिम नमुन्यात सेन्सर बसवले आणि ५५३ डॉक्टरांना त्यातली गाठ शोधायला सांगितले. हा अभ्यास २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ छातीच्या भिंतीलगत खोल होती तेव्हा, दहा न्यूटनपेक्षा कमी दाब देणाऱ्या डॉक्टरांच्या हातून ती सातत्याने निसटली. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलोचा भार. हे डॉक्टर नवशिके नव्हते, व्यवसायात असलेले होते. तपासणी झाली, रुग्ण निर्धास्त घरी गेली, आणि गाठ तिथेच! बाहेरून पाहणाऱ्या परीक्षकाला सर्वांचे हात सारखेच दिसले असते. दाब डोळ्याला दिसत नाही.

रुग्णाला याचा उपयोग काय?

आपल्यापैकी कोणी विचारेल, "हे सगळं ठीक आहे, पण खोक्यावर चांगले गुण मिळवणारा माणसावर चांगलं काम करतो कशावरून?" प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेत येल विद्यापीठात सोळा निवासी डॉक्टरांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना संगणकाच्या आभासी यंत्रावर ठरलेली पातळी गाठेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीसारखे शिकवले. नंतर सर्वांनी खऱ्या रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडवले. त्याच्या चित्रफिती पाहणाऱ्या परीक्षकांना कोण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर झाले. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती.

दुसरा अभ्यास मिशिगन राज्यातील, २०१३ सालचा. त्यात सेन्सर नव्हते, माणसाचेच डोळे होते. पण मुद्दा महत्त्वाचा आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस सर्जनांनी आपापली एक चित्रफीत दिली आणि नाव न कळता इतर सर्जनांनी गुण दिले. कौशल्यात सर्वांत वरच्या पाव गटाच्या रुग्णांत गुंतागुंत ५.२ टक्के, सर्वांत खालच्या पाव गटाच्या रुग्णांत १४.५ टक्के. हे सगळे पदवीधर, परवानाधारक सर्जन! म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्र सारखे, हात वेगळे.

आपल्या देशातही पावले पडली आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी प्रशिक्षण शाळा उभी राहिली आणि तिथे आयआयटी दिल्लीच्या साथीने प्रशिक्षणाची व मूल्यमापनाची साधने तयार होत आली आहेत. २०१९ साली एमबीबीएसचा नवा कौशल्याधारित अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब असणे आवश्यक झाले. लॅबमध्ये पुतळे आले. पुष्कळ ठिकाणी ते प्लास्टिकच्या कव्हरमध्येच आहेत, तो भाग निराळा.

माझा डावा हात

आता कबुलीकडे येतो.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे आमच्या विभागात एक छोटी सरावशाळा सुरू झाली. परदेशी यंत्र परवडणारे नव्हते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार मुलांनी मदत केली. मोबाइल फोन आडवा केला की चित्र आडवे होते ना, ते ज्या चिमुकल्या सेन्सरमुळे होते तसलेच त्यांनी हातमोज्यावर बसवले. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यात वजन मोजणारा जो भाग असतो, तसा भाग टाके घालायच्या गादीखाली ठेवला. चिमट्याच्या पात्यांवर ताण मोजणारी पातळ पट्टी चिकटवली. सगळे मिळून एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत झाले.

उद्घाटनाला मुले म्हणाली, "सर, आधी तुम्ही." मी ऐटीत हातमोजे चढवले. माझ्याएवढे टाके त्या खोलीत कोणी घातले नव्हते. उजव्या हाताची वाट उत्तम आली. टाळ्या पडल्या. मग एका मुलाने जरा चाचरत डाव्या हाताचा आलेख दाखवला. मी डाव्या हाताने चिमटा गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरत होतो. एकदा नव्हे, प्रत्येक टाक्याला. कातडीची कड अशी चिमटली की तिचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो, हे मीच वर्गात शिकवत असे.

मी हसून वेळ मारून नेली. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. इतक्या वर्षांत मला हे कोणी का सांगितले नाही? उत्तर सोपे होते. सांगणार कोण? मी प्रमुख होतो. मला हात 'होता'.

पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाचा एक डावखुरा मुलगा आला. त्याने रीतीप्रमाणे उजव्या हाताने टाके घातले. आलेख म्हणजे निव्वळ गुंता. अभियांत्रिकीच्या मुलांपैकी एकाने, त्याला आमच्या रीतीभाती ठाऊक नसल्याने, सहज विचारले, "पण तू लिहितोस तर डाव्या हाताने. मग टाके त्याच हाताने का घालत नाहीस?" खोलीत शांतता पसरली. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "घाल." डावखुऱ्यांसाठीची हत्यारे मागवली. थोड्या सरावानंतर त्याच मुलाच्या हालचाली निम्म्यावर आल्या.

आणि मला १९९४ साल आठवले.

त्या वर्षी माझ्या युनिटमध्ये वारंगळची एक विद्यार्थिनी होती. अभ्यासात अत्यंत हुशार, रुग्णांशी बोलणे प्रेमळ. ती डावखुरी होती. आपली नेहमीची हत्यारे उजव्या हातासाठी घडवलेली असतात. नीडल होल्डरचा खटका उजव्या अंगठ्याच्या दाबाने सुटतो. डाव्या हातात तो उलटा ओढावा लागतो. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली तर पाती एकमेकींपासून दूर जातात आणि दोरा कापण्याऐवजी दुमडतो. हे मला ठाऊक होते. तरी मी तिला सांगितले, "माझ्या थिएटरमध्ये सगळे उजव्या हाताने काम करतात." तिने सहा महिने प्रयत्न केला. हात कापायचा. मी सर्वांदेखत म्हणालो, "तुला हात नाही." तिने शल्यविद्या सोडली आणि दुसऱ्या शाखेत गेली.

तिच्या हाताचा नकाशा कोणी काढला नव्हता. काढला असता तर दिसले असते की दोष हाताचा नसून कात्रीचा आहे, आणि कात्रीपेक्षा माझा आहे.

त्यांचा नंबर शोधून मी फोन केला. आता त्या एका रुग्णालयात क्ष-किरण विभागाच्या प्रमुख आहेत. मी सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, मी इथे सुखात आहे. रोज बायॉप्सी करते, सोनोग्राफी बघत बघत सुई घालते. डाव्या हाताने. कधी चुकत नाही." आणि थोड्या वेळाने, "पण तुम्ही तेव्हा एकदा विचारायला हवं होतं."

मित्रहो, मला कोणी याहून कडक शब्दात बोलले असते तर बरे वाटले असते.

मापालाही मर्यादा असते

आता कोणी म्हणेल, चला, यंत्रे बसवा, गुण काढा, कमी गुण पडतील त्यांना घरी पाठवा. नाही! तसे केले तर एका प्रमुखाच्या जागी दुसरा प्रमुख येईल, एवढेच. आणि हा तर कोणाचे ऐकणारही नाही.

या आपल्या हैदराबादेतच याचा मोठा धडा घडून गेला आहे. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो कशामुळे, हृदय बंद पडल्याने की श्वास बंद पडल्याने, हा वाद जगभर होता. येथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. दुसऱ्या वेळी 'लॅन्सेट' साप्ताहिकातर्फे लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, श्वास आणि रक्तदाब यांच्या बारकाईने नोंदी झाल्या. निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो, हृदयाला थेट धोका नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवले की क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे इतके मोजूनही महत्त्वाचे निसटले होते. मोजणारे प्रामाणिक होते, पण आपण मोजतो त्यापलीकडे काही नाही अशी त्यांची समजूत झाली.

सेन्सर हात पाहतो. हात कुठे *थांबावा* हे तो पाहत नाही. चुकीची नलिका अगदी कमी हालचालीत, अगदी सुबकपणे कापता येते. पुढे जाऊ नये, मोठ्या सरांना बोलवावे, आज शस्त्रक्रिया करूच नये, हा निर्णय ज्या बुद्धीतून येतो तिला लावायचा सेन्सर निघालेला नाही. आणि नुसत्या आकड्यामागे लागलेला विद्यार्थी आकडा सुधारतो, काम सुधारेलच असे नाही.

म्हणून आमच्या सरावशाळेत आम्ही तीन नियम केले. पहिला, आलेख आधी विद्यार्थ्याला दाखवायचा, मग शिक्षकाला. दुसरा, सरावाचे आलेख अंतिम परीक्षेच्या गुणांत धरायचे नाहीत. तिसरा, शिक्षकांनीही वर्षातून एकदा हातमोजे घालायचे. तिसऱ्या नियमाला सर्वांत जास्त विरोध झाला, हे सांगायला नकोच!

समारोप

आपण सर्व सुशिक्षित, विविध क्षेत्रांतील मंडळी आहात. दोन विनंत्या करतो आणि थांबतो.

या शहरात संगणक आणि यंत्रांचे काम करणारी आपली कितीतरी तरुण मुले-मुली आहेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्किल लॅब एकदा पाहून या. काट्याचा एक भाग, मोबाइलमधला एक सेन्सर आणि थोडी चिकाटी एवढ्यावर मोठे काम होते. आमच्या त्या चार मुलांनी वैद्यकशास्त्राचे एक पुस्तकही वाचले नव्हते, आणि नेमका म्हणूनच योग्य प्रश्न विचारला.

दुसरी विनंती घरातली. आपले मूल डाव्या हाताने लिहीत असेल, डाव्या हाताने बॅट धरत असेल, तर त्याचा हात बदलू नका. प्रसादाला उजवा हात पुढे करायला जरूर शिकवा. बाकी हात ज्याचा त्याला ठरवू द्या.

माझे सर म्हणत, हातच्या कांकणाला आरसा कशाला. आज ते असते तर नम्रपणे सांगितले असते, "सर, कांकणाला नको असेल. हाताला मात्र हवा. आणि सगळ्यांत आधी तो आपल्या हाताला हवा."

काल त्या आजींपाशी मी थोडा वेळ बसलो. मुलीचे दोन-चार मोदक फाटले, पाचवा जमला. मग आजींनी मला म्हटले, "डॉक्टर, तुम्हीही करून बघा." मी पारी उचलली. आजींनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, किती घट्ट धरलंय! उकड आहे ती, पळून नाही जाणार."

चाळीस वर्षांत कोणी सांगितले नाही, ते आजींनी बिनसेन्सरचे सांगितले. अशी माणसे जवळ असतील आणि त्यांचे ऐकण्याची बुद्धी बाप्पाने दिली, तर यंत्र थोडे कमी पडले तरी चालेल.



गणपती बाप्पा मोरया!